बेडकाची उडी आणि बेडकाची मिठी : स्नायू एकच का?

रामबागवाला
मंडळी, एक शंका गेल्या पावसाळ्यापासून डोक्यात घोळतेय आणि आमच्या घरात सगळे कॉमर्सवाले, विचारणार कुणाला. पाऊस लागला की आमच्या इंदूरच्या सिरपूर तलावाच्या काठाला ते मोठे बेडूक निघतात ना, नर पिवळेधमक, गळ्याखाली दोन निळे फुगे. त्यांच्या दोन तऱ्हा बघायला मिळतात. एक म्हणजे ढिम्म बसलेला असतो आणि आपलं पाऊल वाजलं की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पाण्यात. दुसरी म्हणजे नर मादीच्या पाठीवर चढून मिठी मारतो ती तासन् तास सोडत नाही, ती बिचारी त्याला घेऊन पोहते, धडपडते, तरी हा आपला चिकटलेला. मी भरलेली बादली घेऊन जिना चढलो तर बोटं थरथरायला लागतात.

तर एकाच प्राण्याचे स्नायू ही दोन्ही कामं कशी काय करतात? भाची नीटची तयारी करतेय, तिचं पुस्तक चाळलं, त्यात लाल तंतू आणि पांढरे तंतू, लाल दमत नाही, पांढरा लवकर दमतो, विषय संपला. पण कुठेसं वाचलं होतं की बेडकाचे काही स्नायुतंतू झटका देतच नाहीत, तरी आवळले जातात. झटक्याशिवाय आवळणं म्हणजे नेमकं काय? जरा सोपं करून सांगा, मी जीएसटी रिटर्न भरणारा माणूस आहे.

खमंग_पोहे
जीएसटीवाल्याला पकडीबद्दल प्रश्न पडावा यातच सगळं आलं :)

लोखंडी_भिया
अरे भिया एवढा काय मोठा प्रश्न आहे यात. स्लो ट्विच आणि फास्ट ट्विच. स्लो म्हणजे मॅरेथॉनवाला, फास्ट म्हणजे शंभर मीटरवाला. बेडकाचे पाय फास्ट, हात स्लो. माणसात पण सेम. जिममध्ये पहिल्या दिवशी सांगतात हे. धागा बंद करा, पोहे खायला चला.

डॉ_नाडीपरीक्षा
धागा बंद नका करू, आत्ता कुठे सुरू झालाय. मी मेडिकलच्या पोरांना फिजिऑलॉजी शिकवत म्हातारा झालो, त्यात अर्धं आयुष्य बेडकाबरोबर गेलं, त्यामुळे थोडं लांब लिहितो, कंटाळा आला तर खाली सरका.

लोखंडी भिया, तुमचं माणसापुरतं ठीक आहे. बेडकाच्या बाबतीत मात्र गाडी वेगळ्या रुळावर आहे. माणसाचा स्लो तंतू काय आणि फास्ट तंतू काय, दोघंही ट्विच जातीचेच. नसेकडून एक निरोप आला की तंतूच्या पडद्यावर विजेची लाट उठते, म्हणजे ॲक्शन पोटेन्शियल, ती तंतूच्या दोन्ही टोकांपर्यंत पळत जाते, आत शिरणाऱ्या बारीक नळ्यांतून खोलवर पोचते, कॅल्शियम सुटतं आणि अख्खा तंतू एकदम आवळतो. फरक एवढाच की एकाचं आवळणं-सुटणं जलद, दुसऱ्याचं जरा सावकाश.

बेडकाच्या पायातही असे ट्विच तंतू भरपूर आहेत. आमचा लाडका पोटरीचा स्नायू, गॅस्ट्रोक्नेमियस, त्याला नसेतून एकच शॉक दिला की एकच झटका. खोलीच्या तापमानाला साधारण १० मिलिसेकंद काहीच होत नाही, मग ४० मिलिसेकंद आवळतो, ५० मिलिसेकंदांत सैल पडतो. एक दशांश सेकंदात सगळा कारभार आटोपला.

पण बेडकाकडे दुसरी एक जात आहे, टॉनिक तंतू. ह्यांना येणारी नस बारीक असते, निरोपही हळू आणते. आणि ती एका जागी येऊन थांबत नाही, तंतूच्या लांबीवर ठिकठिकाणी तिची टोकं चिकटलेली असतात. ट्विच तंतूला मात्र जाड नस आणि जोडणी एक-दोन ठिकाणीच. आता खरी गंमत. टॉनिक तंतूत पळणारी विजेची लाट उठतच नाही. नसेच्या प्रत्येक टोकाखाली पडद्याचा व्होल्टेज थोडा ढळतो, तिथल्या तिथे, आणि तेवढा भाग आवळतो. टोकं जवळजवळ असल्यामुळे सगळा तंतू कामाला लागतो. एकच निरोप आला तर जवळपास काही होत नाही. निरोपामागून निरोप आले की ढळणं साचत जातं आणि ताण हळूहळू चढतो. निरोप भराभर आले तर जास्त ताण, सावकाश आले तर कमी. थोडक्यात ट्विच तंतू म्हणजे दिव्याचा खटका, टॉनिक तंतू म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर.

रामबागवाला, तुम्ही जे झटका न देता आवळणं वाचलं ते हेच.

रामबागवाला
डॉक्टरकाका, जबरदस्त. रेग्युलेटरवर लगेच ट्यूब पेटली. पण मग ट्विचवाला जर खटकाच असेल तर बेडूक अर्धी उडी कशी मारतो? कधी नुसताच दोन बोटं पुढे सरकतो, तेव्हा?

नीटची_नीता
मामा, ते मी सांगते, हे आमच्यात आहे. प्रत्येक तंतू पूर्ण आवळतो नाहीतर अजिबात नाही, ऑल ऑर नन. पण स्नायूत असे ढीगभर तंतू असतात, त्यातले किती कामाला लावायचे ते नसा ठरवतात. आणि एक झटका संपायच्या आत दुसरा दिला तर ताण वाढतो, फार भराभर दिले तर झटके मिसळून एकच सलग आकुंचन, टिटॅनस (तो आजार नाही).
(आणि माझं पुस्तक न विचारता घेऊ नका.)

डॉ_नाडीपरीक्षा
शाबास पोरी. ऑल ऑर ननचा पुरावाही बेडकातूनच आला. केंब्रिजच्या कीथ ल्युकसने १९०९ साली बेडकाच्या पाठीच्या कातडीखालचा एक इवलासा स्नायू घेतला, त्याला आठ-नऊच चेतातंतू, म्हणजे नसेतले धागे, येतात. शॉकची ताकद हळूहळू वाढवत नेली तर आकुंचन सरळ चढत जायला हवं, पण ते पायऱ्यापायऱ्यांनी वाढलं, आणि पायऱ्या चेतातंतूंच्या संख्येपेक्षा कधी जास्त झाल्या नाहीत. असला देखणा प्रयोग. तेव्हा हाताशी ना कॉम्प्युटर ना काही.

फार्मसीची_पोर
बापरे हा धागा वाचून मला एकदम स्पिरिटचा आणि धुराचा वास आला!! आम्ही बी फार्म केलं तेव्हा बेडूक होता. आमचा बेडूक पोटाचा, रेक्टस ॲब्डॉमिनिस. तो स्नायू काढायचा, खाली वर दोरे बांधायचे, ऑर्गन बाथमध्ये बेडकाच्या रिंगर सोल्युशनमध्ये, म्हणजे स्नायू जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात, लटकवायचा, खालून हवेचे बुडबुडे, आणि वरचा दोरा लिव्हरला, म्हणजे तरफेच्या काडीला. लिव्हरचं टोक काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर टेकवायचं, फार दाबलं तर अडकतं, सैल सोडलं तर रेघच उमटत नाही. मग ॲसिटिलकोलीनचा, म्हणजे नसेचा निरोप स्नायूला पोचवणाऱ्या रसायनाचा, डोस टाकायचा आणि घड्याळ बघत दीड मिनिट थांबायचं. रेघ अगदी आळसावून वर चढायची, चढत चढतच राहायची. धुतलं तरी खाली यायला तिला घाई नाही, छोटं वजन लावून तिला ओढून आणावं लागायचं तेव्हा कुठे पुढचा डोस.

एकदा सगळा ग्राफ छान आला होता, चढत्या डोसच्या चढत्या टेकड्या, आणि कागद काढताना मैत्रिणीच्या ओढणीने मधली टेकडी पुसली. लाखेत बुडवून पक्का करायच्या आधीच. ती रडली नाही, मीच रडले.

आता डॉक्टरकाकांचं वाचून प्रश्न पडतोय की तो स्नायू एवढा आळशी का होता आणि आमच्या सरांनी कधी सांगितलं कसं नाही. आम्हाला फक्त सांगायचे "घाई करू नका".

डॉ_नाडीपरीक्षा
ताई, तो आळशी नव्हता, त्याच्यात टॉनिक तंतू भरपूर, म्हणून तर तो निवडला. ट्विच तंतूच्या पडद्यावर ॲसिटिलकोलीन ओतून ठेवलं तर तो थोडी उसळी मारून गप्प होतो. टॉनिक तंतू मात्र औषध अंगावर आहे तोवर आवळून धरतो, आणि डोस वाढवला तर जास्त आवळतो. मोजमाप करायला याहून चांगलं काय हवं? शिवाय बेडूक थंड रक्ताचा, म्हणजे सदतीस अंशाचं गरम पाणी सांभाळायची कटकट नाही, इंदूरच्या कुठल्याही खोलीत प्रयोग लागतो. तुम्ही त्यात एसेरीन टाकून पाहिलं असेल, टेकड्या उंच झाल्या असतील, कारण ॲसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम बंद पडलं. आणि ॲसिटिलकोलीनची वाट अडवणारं ट्यूबोक्युरारीन टाकल्यावर बुटक्या.

पोटॅशियमचंही तसंच. पोटॅशियम जास्त असलेल्या पाण्यात ट्विच तंतू टाकला तर आवळतो आणि काही सेकंदांत आपोआप सैल पडतो, पाणी तेच असलं तरी. टॉनिक तंतू मिनिटामागून मिनिटं धरून बसतो.

फार्मसीची_पोर
हो हो एसेरीन, फिजोस्टिग्मिन! आठवलं. आणि जर्नलमध्ये लिहायचं "पोटेन्शिएशन दिसले". दिसलं नसलं तरी लिहायचं :)

लोखंडी_भिया
ते सगळं ठीक पण मला अजून पटून नाही राहिलं. प्लँक करतो तेव्हा मी पण धरूनच ठेवतो ना? तिथे झटके कुठेत? माझ्यात पण टॉनिक असणार. आणि नसेल तर मग माणूस बेडकापेक्षा मागे का?

डॉ_नाडीपरीक्षा
भिया, प्लँकमध्ये तुमचे तंतू पाळीपाळीने काम करतात. एक मोटर युनिट, म्हणजे एक चेतातंतू आणि त्याच्या ताब्यातले स्नायुतंतू, आत्ता, दुसरं क्षणभराने, तिसरं त्याच्यानंतर, प्रत्येकाचे झटके एकमेकांत मिसळतात म्हणून बाहेरून ताण सपाट दिसतो. दमायला लागलात की ही पाळी विस्कटते आणि अंग थरथरतं. रामबागवाल्यांच्या बादलीचं उत्तरही त्यातच.

माणसात टॉनिक तंतू अगदीच नाहीत असं नाही. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत थोडे, मधल्या कानाच्या चिमुकल्या स्नायूंत, आणि स्नायूंच्या आत ताण मोजणाऱ्या स्पिंडलमध्ये. दंडात आणि पोटात नाहीत.

लोखंडी_भिया
म्हणजे डोळे फिरवायचा व्यायाम केला तर टॉनिक बनतात असं ना. करतो आजपासून.

खमंग_पोहे
छप्पन दुकानावर उभा राहून करशील तर पोलीस येतील भिया.

बडोदेकर_मावशी
इंदूरकरांच्या धाग्यात घुसतेय, माफ करा, पण माहेर स्नेहलतागंजातलं आहे तेव्हा हक्क लागतो. बडोद्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. डॉक्टरांनी पाया छान घातलाय, मी थोडी भर टाकते.

हे टॉनिक तंतू कळायला फार वेळ लागला. १९२८ मध्ये जर्मनीत झोमरकाम्प नावाच्या माणसाने बेडकाच्या मांडीतल्या इलिओफिब्युलारिस स्नायूत एक वेगळी जुडी दाखवली, ॲसिटिलकोलीन दिल्यावर तीच जुडी आवळून बसते, बाकीचा स्नायू नाही. पण तंतूच्या आत सुई घालून वीज मोजणं तेव्हा जमत नव्हतं. ते जमल्यावर १९५३ साली कुफ्लर आणि वॉन विल्यम्स यांनी दाखवून दिलं की ह्या तंतूंत लाट पळतच नाही. आणि आराम करत असतानाही त्यांचा पडदा वेगळा, ट्विच तंतूत उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपास तर ह्यांच्यात उणे ६०.

पण विजेचं मोजलेलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं एकच आहे हे कसं ठरवायचं? ते काम १९६२ मध्ये पीची आणि अँड्र्यू हक्सली यांनी केलं. एकेक तंतू सुटा काढला, तो कसा वागतो ते बघितलं, आणि मग त्याच तंतूचे काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. ट्विच तंतूत तंतुकं, म्हणजे तंतूच्या आतले बारीक धागे, नीट सुटी सुटी, मधे कॅल्शियमच्या पिशव्या भरगच्च, नळ्या नीट. टॉनिकमध्ये तंतुकं एकमेकांत मिसळलेली, पिशव्या नळ्या तुटपुंज्या आणि तंतुकांच्या प्रत्येक खंडाच्या (सार्कोमियर, आवळणारा सर्वांत छोटा तुकडा) मधोमध असते ती एम रेघ गायब. म्हणजे सावकाश चालवलेला ट्विच तंतू म्हणजे टॉनिक, असं मुळीच नाही. बांधकामच निराळं.

आणि सगळ्या स्नायूंत ते असतात असंही नाही. सार्टोरियस, मांडीवरची ती पट्टी, तिच्यात फक्त ट्विच. म्हणून आकुंचनाचे नियम शोधणाऱ्यांनी सार्टोरियसचा एवढा पिच्छा पुरवला.

फार्मसीची_पोर
थांबा थांबा मावशी, वॉन विल्यम्स? हृदयाच्या ठोक्यांच्या औषधांचं वर्गीकरण, क्लास वन, टू, थ्री, फोर, तोच वॉन विल्यम्स?? ते पाठ करून करून आमचा जीव गेला होता.

बडोदेकर_मावशी
तोच गं. ऑक्सफर्डचा. ते वर्गीकरण १९७० चं, बेडूक त्याच्या आधीचा.

फार्मसीची_पोर
म्हणजे रेक्टसही त्याचा आणि क्लास थ्रीही त्याचा. दोन्हीकडून छळलं माणसाने.

जीवदया_७
सगळं रंजक आहे पण एक सांगू का, हे जे "आमचा लाडका बेडूक" चाललंय ते वाचून कसंतरी होतं. एकेका कॉलेजात वर्षाला किती बेडूक मेले याचा हिशोब आहे कुणाकडे? पकडून आणणारे लोक गोणीत भरून आणायचे, अर्धे वाटेतच मरायचे. बाहेर पाय विकायचे ते वेगळंच, ती निर्यात १९८७ साली बंद झाली तेव्हा कुठे थोडा श्वास मिळाला. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०११ मध्ये डिसेक्शन टप्प्याटप्प्याने कमी करा म्हटलं आणि २०१४ मध्ये बंद करा. ते योग्यच झालं. हे सगळे ग्राफ आता कॉम्प्युटरवर दिसतात.

बडोदेकर_मावशी
मला मान्य आहे. शेवटची काही वर्षं मी स्वतः वर्गात कापाकापी करू दिली नाही. फक्त एवढंच म्हणेन की कॉम्प्युटरवर स्नायू कधी चुकत नाही. खरा स्नायू रुसतो, वाळतो, नस ओढली गेली की मुका होतो, आणि मग पोरं विचार करायला लागतात की काय झालं असेल. स्क्रीनवर बटण दाबलं की आलाच ग्राफ, मग पोरं मोबाइल काढतात.

जीवदया_७
पोरांना विचार करायला लावण्यासाठी बेडकाने का मरायचं मावशी? मागच्या अंगणातली कुंडी द्या त्यांना, ती पण रुसते.

डॉ_नाडीपरीक्षा
दोघांचंही ऐकून घेतलं. मी सांगतो माझ्याबद्दल, पिथिंग, म्हणजे सुईने बेडकाचा मेंदू आणि मज्जारज्जू निकामी करणं, ते करताना पहिल्या वर्षी माझा हात थरथरायचा आणि शेवटच्या वर्षीही थरथरायचा. बंद झालं तेव्हा वाईट वाटलं नाही. पण ज्या माहितीवर आपण इथे गप्पा मारतोय ती त्याच बेडकांनी दिली हेही खरं. हा वाद इथे मिटायचा नाही, पुढे जाऊया.

ग्वाल्हेरचा_गारठा
ग्वाल्हेरहून राम राम. इथली थंडी तुम्हा माळव्यातल्या लोकांना कळायची नाही. आमच्या कॉलेजात डिसेंबरमध्ये सकाळच्या प्रॅक्टिकलला ग्राफ असा लांबुळका यायचा की दोन झटके मोजायला ड्रम पुरायचा नाही, आणि एप्रिलमध्ये तोच झटका टोकदार सुई. सर म्हणायचे तुम्ही लिव्हर नीट लावला नाही. तापमानाचा एवढा फरक पडतो का खरंच? का सर बरोबर होते?

डॉ_नाडीपरीक्षा
सर चूक, गारठा बरोबर. बेडकाचं अंग खोलीइतकंच गार, त्यामुळे थंडीत सगळंच सावकाश होतं, थांबणं, चढणं, उतरणं. यावर वेगळं प्रॅक्टिकलच असायचं, गार रिंगर आणि कोमट रिंगर टाकून एकाच ड्रमवर दोन वक्र काढायचे. आणि शास्त्रज्ञांनी याचा फायदा उचलला. ए. व्ही. हिल, ज्यांना १९२२ चं नोबेल मिळालं, त्यांचं १९३८ चं गाजलेलं काम बेडकाच्या सार्टोरियसवर आणि शून्य अंशाला. वजन जास्त तर आवळण्याचा वेग कमी, या दोघांचं गणित त्यांनी तिथे बांधलं. बर्फात ठेवलेला स्नायू तासन् तास टिकतो आणि घडामोडी सावकाश चालल्यामुळे मोजता येतात.

खमंग_पोहे
ग्वाल्हेरला माणसाचाही ग्राफ डिसेंबरमध्ये लांबुळका असतो. रजईतून बाहेर यायलाच दुपार.

ग्वाल्हेरचा_गारठा
आणि इंदूरवाल्यांचा रात्री सराफ्यात खायला गेल्यावर. अकरा वाजता सगळे टोकदार सुई.

रामबागवाला
अहो मंडळी, मूळ प्रश्न राहिला बाजूला. मिठीचं सांगा ना. डॉक्टरकाका म्हणाले टॉनिक तंतू धरून ठेवतात. मग नराच्या हातात ते जास्त असतात का? आणि जेवण न करता एवढा वेळ धरून ठेवायला शक्ती कुठून येते? मादी कंटाळून जात असेल हा वेगळा मुद्दा.

बडोदेकर_मावशी
आले तिथेच. युरोपातल्या साध्या बेडकावर आणि आफ्रिकेतल्या झेनोपस नावाच्या बेडकावर याचा बराच अभ्यास झालाय. नराच्या पुढच्या पायात, कोपराखाली, फ्लेक्सर कार्पी रेडियालिस नावाचा स्नायू मिठीचं मुख्य काम करतो. विणीच्या काळात नराच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि हा स्नायू फुगतो, मादीपेक्षा कितीतरी जाड. तुम्ही नर हातात धरून बघितलात तर पुढचे पाय पैलवानाचे असतात हे सहज दिसेल (पण धरू नका, जीवदया ओरडतील). ह्या स्नायूत ट्विच तंतूंबरोबर टॉनिक तंतूही असतात, आणि हंगामात तो सावकाश आवळून जास्त वेळ धरून ठेवायच्या बाजूला झुकतो.

शक्तीचं म्हणाल तर आवळलेलं धरून ठेवणं आणि पुन्हा पुन्हा आवळणं यात खर्चाचा फार फरक आहे. तंतूच्या आत मायोसिन या प्रथिनाचे हात ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाला धरतात आणि सोडतात, प्रत्येक वेळी एक एटीपी, म्हणजे पेशीचं शक्तीचं नाणं, जातो. टॉनिक तंतूतले हात फार सावकाश सोडतात. सोडणं कमी तर खर्च कमी. मात्र त्याची किंमत अशी की हा तंतू जलद काही करूच शकत नाही. त्याला सांगितलं उडी मार, तर सकाळी सांगितलेली उडी संध्याकाळी मारेल.

आणि डोकंही लागत नाही त्याला फारसं. अठराव्या शतकात इटलीतल्या स्पालान्झानीने पाहिलं होतं की मिठीतल्या नराचं डोकं कापलं तरी मिठी सुटत नाही. पाठीच्या कण्यातूनच ती चालते.

खमंग_पोहे
प्रेमात डोकं लागत नाही हे इटलीत जाऊन सिद्ध करावं लागलं म्हणजे कमाल आहे.

जीवदया_७
डोकं कापून बघायची गरज होती का पण.

नीटची_नीता
मावशी एक डाउट. टॉनिकमध्ये लाट नाही हे तंतूचं जन्मजात आहे का नसेमुळे? म्हणजे नस बदलली तर?

बडोदेकर_मावशी
काय प्रश्न विचारलास! याचं उत्तर १९७१ मध्ये मिलेडी, स्टेफानी आणि स्टाइनबाख यांनी शोधलं. टॉनिक तंतूची नस तोडली आणि काही दिवस वाट बघितली, तर त्याच तंतूत ॲक्शन पोटेन्शियल उठायला लागलं! म्हणजे यंत्रणा उभी करायची क्षमता तंतूत होती, नस तिला दाबून ठेवत होती. मी हे वर्गात सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची झोपलेली पोरंसुद्धा उठायची, सासू गेल्यावर सुनेचा आवाज फुटला म्हणायची.

रामबागवाला
आता उडी. मावशी, डॉक्टरकाका, कुणीही.

डॉ_नाडीपरीक्षा
उडी मी घेतो. म्हणजे सांगायला घेतो, गुडघे गेले.

उडीच्या स्नायूंत काम ट्विच तंतूंचं, आणि त्यातही मोठे, जलद. पण नुसतं जलद असून भागत नाही, त्यांना योग्य लांबीला आणि योग्य वेगाला चालवावं लागतं. १९६६ मध्ये गॉर्डन, हक्सली आणि जूलियन यांनी बेडकाचा एकच तंतू घेऊन दाखवलं की त्याच्या आतल्या खंडाची लांबी २.० ते २.२ मायक्रॉन असते तेव्हाच पूर्ण ताण मिळतो, ताणला की कमी, ३.६५ च्या पुढे शून्य. मग १९९४ मध्ये लुट्झ आणि रोम यांनी उडी मारणाऱ्या बेडकाच्या मांडीतला स्नायू तपासला. उडीच्या वेळी त्याचे खंड जवळपास त्याच उत्तम पट्ट्यात, आवळण्याचा वेगही असा की हिलच्या गणिताप्रमाणे जास्तीत जास्त पॉवर निघावी, आणि स्नायू पूर्ण चेतलेला. तीनही अटी एकाच वेळी पूर्ण. हे वाचलं तेव्हा मी बायकोला झोपेतून उठवून सांगितलं होतं. तिने काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

तरीही हिशोब पूर्ण जुळत नाही. काही बेडकांच्या उडीची पॉवर स्नायू एकट्याने देऊ शकेल त्याहून जास्त भरते. ते जास्तीचं घोट्याकडच्या कंडरेतून, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीतून, येतं. पाय हलायच्या आधी स्नायू आवळायला लागतो आणि कंडरा ताणून ठेवतो, मग ती एका क्षणात सगळं परत देते. तुम्हाला ढिम्म बसलेला दिसतो ना, निघायच्या आधीच्या त्या शेवटच्या क्षणी आतलं काम सुरू झालेलं असतं.

लोखंडी_भिया
बॉक्स जंपमध्ये पण खाली बसून मग उडी. सेम आहे. मी म्हटलं होतं ना सेम.

डॉ_नाडीपरीक्षा
तेवढ्यापुरतं सेम, भिया.

फार्मसीची_पोर
आणि ओरडायचं? आमच्या कॉलनीत रात्रभर जे डराव डराव चालतं त्याला कुठले तंतू? त्यांना टॉनिक घालून चालणार नाही, एकच लांब सूर निघेल.

बडोदेकर_मावशी
अगदी बरोबर पकडलंस. ओरडणं म्हणजे पोटाच्या आणि कुशीच्या स्नायूंनी फुप्फुसातली हवा पुन्हा पुन्हा ढकलणं, तिथे ट्विच तंतूच लागतात, आणि तेही न दमणारे. वृक्षबेडकांच्या नरांत ह्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली शक्ती बनवणारी केंद्रं) आणि चरबीचे थेंब ठासून भरलेले असतात. मादीचे तेच स्नायू अगदी बारीक. म्हणूनच मी म्हणते लाल-पांढरं एवढ्यावर बेडूक मावत नाही. झेनोपसमध्येच पाच प्रकार मोजतात, चार ट्विचचे, पाचवा टॉनिक. ट्विचमधलेही काही मिनिटभरात गळून जातात, काही खूप वेळ तग धरतात.

नीटची_नीता
मग मी परीक्षेत काय लिहू?

डॉ_नाडीपरीक्षा
लाल-पांढरं लिही बाळ. ओएमआर शीटवर वाद घालायला जागा नसते.

रामबागवाला
सगळ्यांचे आभार, हा धागा मी सेव्ह करून ठेवलाय. फक्त आता एक नवीन किडा. कोंबडीची छाती पांढरी आणि तंगडी काळपट, तिथेही टॉनिक आहे का कुठे?

बडोदेकर_मावशी
आहे की. पाठीवर, पंखाच्या मुळाशी दोन स्नायू शेजारी शेजारी असतात, पुढचा टॉनिक आणि मागचा जलद. पंख अंगाशी घडी करून धरायचं काम पुढच्याचं. लांबलचक आहे ते, सांगते सावकाश.

खमंग_पोहे
कोंबडीचा वेगळा धागा काढा आणि श्रावण संपल्यावर काढा. इथे लोक उपाशी बसलेत.